बंद संगणकातील जागे घड्याळ : जुन्या डेस्कटॉपच्या बॅटऱ्या कशा जपाव्यात?

उन्हाळी सुटीसाठी संगणक-कक्षाला कुलूप लावण्यापूर्वी एक प्रश्न हमखास निघतो : संगणकांचे प्लग काढून ठेवावेत, की लावलेलेच असू द्यावेत? काही जाणकारांचे म्हणणे असे की, जुना डेस्कटॉप विजेला जोडलेला राहिला तर त्याच्या आतील बॅटरी टिकते. प्लग काढला तर ती सुटीत संपते आणि शाळा उघडताच संगणक तारीख विसरलेला आढळतो. दुसरा पक्ष म्हणतो की, मेन स्विच बंद केल्याशिवाय कक्ष सोडूच नये. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि म्हणूनच या लेखात आम्ही हा प्रश्न मुळापासून उकलून पाहण्याचे योजिले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी, गावच्या वाचनालयात, विहाराशेजारच्या अभ्यासिकेत असे जुने संगणक आजही काम देत आहेत. त्या सर्वांना या विवेचनाचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी एवढा ऊहापोह कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या भागात संगणक उशिरा आला. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. केंद्र शासनाची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ ची. त्यानंतरच्या वर्षांत ग्रामीण शाळांत जे डेस्कटॉप आले, त्यांच्यावर कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा कळफलकाला हात लावला. ज्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून दोनच तासिका संगणकावर येतात, त्याची एक तासिका चुकीच्या तारखेपायी वाया गेली तर ती हानी लहान नव्हे. तारीख चुकली की आधुनिक संकेतस्थळे उघडत नाहीत. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रास प्रारंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाचे घड्याळ वीस वर्षे मागे गेले असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून अस्तित्वातच आलेले नसते आणि तो दार बंद करतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असताना असे घडले की, इंटरनेट बंद आहे की संकेतस्थळ बिघडले आहे, हेच कळेनासे होते. मूळ दोष मात्र मदरबोर्डवरील एका बटण सेलचा असतो.

बंद संगणकात काय जागे असते?

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक आला, तेव्हा तो सुरू केल्यावर तारीख आणि वेळ वापरणाऱ्यालाच टंकित करावी लागे. वीज गेली की यंत्राची स्मृती कोरी होत असे. १९८४ साली याच कंपनीने 'एटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात स्वतंत्र घड्याळाची चिप आणि तिला जागी ठेवणारी बॅटरी बसविलेली होती. त्या चिपमध्ये अवघी ६४ बाइट स्मृती होती : १४ बाइट घड्याळासाठी, ५० बाइट संगणकाची मांडणी लक्षात ठेवण्यासाठी. हार्ड डिस्क कोणती, फ्लॉपी किती, स्मृती किती, ही माहिती तेथे साठवली जाई. 'सीमॉस' प्रकारची ही स्मृती अत्यल्प विजेवर चालते. त्यावरून दुकानदार आजही त्या सेलला 'सीमॉस बॅटरी' म्हणतात.

घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या आकस्मिक नाही. २ ला १५ वेळा गुणले की ३२,७६८ मिळतात; म्हणून चिप कंपनांची संख्या पंधरा वेळा निम्मी करीत जाते आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. गणिताच्या तासाला घातांक शिकविताना हे उदाहरण जरूर द्यावे. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही नेमका हाच स्फटिक असतो.

आज आपल्याकडील बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो. त्याच्या नावातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट आणि क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. हा लिथियमचा सेल आहे, पण मोबाइलच्या बॅटरीसारखा पुन्हा भारित होणारा नाही. एकदा संपला की संपला. विजेला जोडून ठेवल्याने तो 'चार्ज' होतो, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

मग प्लग लावल्याने बॅटरी टिकते, हे खरे कसे?

१९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स ही रचना पुढे आणली. त्यापूर्वीच्या संगणकांत पुढचे बटण थेट वीज तोडत असे. बंद म्हणजे पूर्ण बंद. एटीएक्समध्ये तसे नाही. एसएमपीएसला भिंतीवरून वीज मिळत असेल, तर संगणक 'बंद' असतानाही ५ व्होल्टचा एक लहान प्रवाह मदरबोर्डकडे चालूच राहतो. जांभळ्या रंगाची तार हे त्याचे चिन्ह. पुढचे बटण दाबल्यावर संगणक जागा होतो तो या प्रवाहामुळेच. घड्याळाची चिपही तेव्हा याच प्रवाहावर चालते आणि सेलला विश्रांती मिळते. प्लग काढला, भिंतीवरचे बटण बंद केले किंवा एसएमपीएसच्या मागचा खटका पाडला, की घड्याळाचा भार त्या क्षणी सेलवर येतो.

म्हणजे पहिल्या पक्षाचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. परंतु किती बरोबर आहे, हे आकड्यांनीच ठरेल.

घड्याळाची चिप काही मायक्रोअँपिअर प्रवाह घेते. हिशेबासाठी ५ मायक्रोअँपिअर धरू. सेलची क्षमता २२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर-तास. त्याला ५ ने भागले की ४४,००० तास येतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे संगणक एकदाही विजेला न जोडता नुसता पडून राहिला, तरी सेल सुमारे पाच वर्षे घड्याळ चालवील. प्रत्यक्षात शाळेचा संगणक रोज काही तास चालतो, तेवढा काळ सेल वाचतो. म्हणून नवा व चांगला सेल पाच वर्षांहून अधिकही टिकतो.

आता दोन महिन्यांच्या सुटीचा विचार करू. साठ दिवस म्हणजे १,४४० तास. पाच मायक्रोअँपिअरने ७,२०० मायक्रोअँपिअर-तास खर्च होतात. सेलच्या एकूण क्षमतेचा हा साधारण तिसावा भाग. चाळीस रुपयांचा सेल धरला, तर एका संगणकामागे सुटीचा खर्च सव्वा-दीड रुपया. वीस संगणकांचे मिळून सुमारे सत्तावीस रुपये.

याउलट वीस संगणक सुटीभर जोडलेले ठेवले तर काय होईल? बंद अवस्थेत जुना एसएमपीएस दोन वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेतो. दोनच वॅट धरले, तरी १,४४० तासांत एका संगणकामागे २.८८ युनिट आणि वीस संगणकांमागे ५७.६ युनिट होतात. युनिटचा दर आठ रुपये मानला तर सुमारे चारशे साठ रुपये. सत्तावीस रुपये वाचविण्यासाठी चारशे साठ रुपये खर्च करण्याचा हा व्यवहार झाला. मॉनिटर आणि प्रिंटरही जोडलेले राहिले तर हा आकडा आणखी वाढेल.

सुटी संपताच जो सेल 'सुटीने खाल्ला' असे आपणांस वाटते, तो बहुधा आधीच आयुष्याच्या शेवटाला आलेला असतो. सुटी केवळ निमित्त ठरते.

भद्रावतीचे ऊन, वीज आणि कोळसा

खर्चाहून मोठा विचार सुरक्षिततेचा आहे. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत हवा खेळत नाही. एसएमपीएसला वीज मिळत राहिली, तर त्यातील विद्युतधारक या उष्णतेत सतत राबत राहतात आणि त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात. गेलेली वीज परत येताना दाब एकदम चढतो. अशा वेळी जोडलेल्या संगणकाचा एसएमपीएस, प्रसंगी मदरबोर्डही जळतो. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे पुरते संरक्षण झाले, असे मानू नये. जवळ पडलेल्या विजेसाठी त्या बटणातील अंतर फारसे नसते. प्लग सॉकेटमधून काढणे हाच खरा उपाय. इंटरनेटची केबलही सोडवावी, कारण दाब त्या वाटेनेही आत येतो. कुलूपबंद, निर्मनुष्य खोलीत जुन्या वायरिंगवर वीज चालू ठेवणे आगीच्या दृष्टीनेही अयोग्य आहे.

आणखी एक गोष्ट भद्रावतीकरांना वेगळ्याने सांगावयास नको. आपल्या तालुक्याच्या भूमीखाली कोळसा आहे. माजरीच्या खाणी आपल्या परिचयाच्या आहेत. शेजारचे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. कोळशावरील केंद्रात एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. वर काढलेल्या ५७.६ युनिटांसाठी ३५ ते ४० किलो कोळसा लागेल. वीस बटण सेलांचे एकत्रित वजन शंभर ग्रॅमही भरत नाही. खाणीची धूळ आणि केंद्राची राख ज्या माणसांच्या अंगणात पडते, त्यांना या तुलनेचा अर्थ अधिक कळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक ऊर्जा मंडळ स्थापन झाले ते त्याच कारकिर्दीत. वीज ही सर्वसामान्यांच्या उन्नतीचे साधन व्हावी, ही दृष्टी त्या कार्यामागे होती. त्या साधनाचा विचारपूर्वक उपयोग करणे हेही आपल्या शिक्षणाचेच अंग आहे.

'बॅटरी' हा एक शब्द, स्वभाव अनेक

येथवरच्या विवेचनावरून 'कोणतीच बॅटरी जोडून ठेवू नये' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तेही चूक ठरेल. संगणक-कक्षात बॅटऱ्या एकाच प्रकारच्या नसतात. 'विजेला जोडून ठेवा' हा सल्ला एका बॅटरीचा आहे आणि तो भलत्याच बॅटरीला लावला जातो, हेच या गोंधळाचे मूळ आहे.

यूपीएसमधील बॅटरी शिसे-आम्लाची असते. बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. तिचा स्वभाव बटण सेलच्या अगदी उलट. ती रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि मग ती पूर्वीसारखी भारित होत नाही. बाजूला ठेवली तरी ती आपोआप हळूहळू उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की या उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून यूपीएस सुटीपूर्वी पूर्ण भारित करावा, मग त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि नंतरच प्लग काढावा. बटण चालूच ठेवून केवळ भिंतीवरची वीज तोडली, तर यूपीएस बॅटरी पूर्ण रिकामी करून टाकतो. सुटीत महिन्यातून एकदा गृहपालांनी किंवा कर्मचाऱ्याने दिवसा, स्वतः हजर असताना, तो काही तास जोडावा. संगणक तेवढ्याच वेळेत सुरू करून पाहिले तर पावसाळ्याच्या तोंडावर आत साचलेली ओलही निघून जाते.

लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी तिसऱ्या स्वभावाची. तिला पूर्ण भरलेले राहणेही सोसत नाही आणि पूर्ण रिकामे राहणेही नाही. दीर्घकाळ ठेवावयाची असेल तर साधारण निम्मी भारित करून, थंड जागी ठेवावी.

चौथा प्रकार अतिशय जुन्या यंत्रांचा. ३८६ आणि ४८६ काळातील अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची, लहान पिंपासारखी बॅटरी झाळून बसविलेली असे. ती संगणक चालू असताना भारित होत असे. म्हणजे 'जोडून ठेवा, बॅटरी टिकेल' हे वचन तिच्या बाबतीत खरे होते, आणि कदाचित तेच आजवर तोंडोतोंडी चालत आले असावे. परंतु अशी बॅटरी वयाबरोबर फुटते. तिच्यातील अल्कली द्रव मदरबोर्डवर पसरून तांब्याच्या रेषा खातो. निळसर-हिरवा थर दिसला तर तो याचाच. एखाद्या संस्थेकडे स्मृती म्हणून असा संगणक जपलेला असेल, तर ती बॅटरी जाणकाराकडून तत्काळ काढून घ्यावी. यंत्र टिकेल ते बॅटरी काढल्याने. वीज पुरविल्याने नव्हे.

सेल बदलण्याची रीत

संगणक रोज तारीख विसरू लागला, सुरू होताना 'एफ १' कळ दाबावयास सांगू लागला किंवा पडद्यावर सीमॉस चेकसमचा संदेश आला, की सेल बदलण्याची वेळ झाली असे समजावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज शिकविता येते.

प्रथम बायोसमधील मांडणी वहीत लिहून घ्यावी किंवा मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे. हार्ड डिस्कच्या जोडणीचा प्रकार, म्हणजे एएचसीआय की आयडीई, ही नोंद विशेष महत्त्वाची. सेल बदलल्यावर ती पालटली तर विंडोज सुरू होत नाही आणि डिस्कच बिघडली असे वाटते. मग संगणक बंद करून प्लग काढावा. पुढचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. होल्डरची पट्टी हलकेच बाजूला केली की सेल वर उचलला जातो. नवा सेल कडेला धरून, अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवावा. वीज जोडून बायोसमध्ये तारीख, वेळ आणि नोंदविलेली मांडणी भरावी. इंटरनेटवरून घड्याळ जुळविण्याची सोय विंडोजमध्ये आहे खरी. पण तफावत फार मोठी असली की तिच्यावर विसंबता येत नाही, म्हणून तारीख आधी हाताने घालावी.

मांडणी पुसू नये म्हणून वीज चालू ठेवूनच सेल बदलण्याची युक्ती काहीजण सांगतात. विद्यार्थ्यांना ती कदापि शिकवू नये. हातातून निसटलेला सेल चालू मदरबोर्डवर पडला तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. दोन मिनिटांचे लेखन वाचविण्यासाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही.

लहान मुले आणि बटण सेल

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हा आहे. निवासी शाळेत आणि घरोघरी लहान मुले असतात. चकाकणारा, नाण्याएवढा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यातून विद्युतमंडल पूर्ण होते, तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत आतील ऊती भाजू शकतात. संगणकासाठी 'संपलेला' सेलही यासाठी पुरेसा असतो. केवळ शंका आली तरी मुलाला उलटी करवू नये; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि 'बटण सेल गिळला असावा' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावावी आणि तो कुलपातील डब्यात ठेवावा. कचऱ्यात टाकू नये, जाळू तर नयेच. बॅटरी-कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत. साठलेले सेल अधिकृत संकलकाकडेच द्यावेत.

सुटीपूर्वीचा परिपाठ

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे : बटण सेलसाठी डेस्कटॉप विजेला जोडून ठेवण्याचे कारण नाही. प्लग काढावा, केबल सोडवावी, यूपीएस भारित करून त्याच्या बटणाने बंद करावा. सेल दर पाच वर्षांनी, तो मरण्याची वाट न पाहता, सर्व संगणकांत एकदमच बदलावा आणि बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आतील बाजूस कागदी पट्टीवर लिहून चिकटवावी. त्यासाठी परीक्षांच्या नंतरचा, सुटी लागण्यापूर्वीचा आठवडा सोयीचा. वीस सेलांचा खर्च हजार रुपयांच्या आतबाहेर येईल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण कार्यालयातील किंवा घरचे जुने संगणक गावातील शाळांना आणि अभ्यासिकांना देतात. ते देण्यापूर्वी त्यांत नवा सेल बसवावा, बायोसमधील मांडणी एका कागदावर लिहून ती यंत्राबरोबर द्यावी आणि बायोसला गुप्तशब्द असेल तर तो काढून टाकावा. मग खेड्यातील एखादी मुलगी तो संगणक प्रथम सुरू करील, तेव्हा पडद्यावरची तारीख बरोबर असेल आणि तिचा अर्ज त्याच दिवशी भरला जाईल.